स्क्रीनवर शून्य, डायलवर नाही

या वेळी जुन्या स्टेपरवाल्या (ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे 'स्टेप'नं फिरणाऱ्या मोटरच्या) मिलिंग मशीनबद्दल बरीच पत्रं आली. तक्रार सगळ्यांची एकच, 'माप सरकतंय'. पण माप सरकण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आणि प्रत्येकीचं कारणही वेगळं. या जुन्या मशीनवर एन्कोडर, म्हणजे अक्ष खरंच किती फिरला ते कळवणारा सेन्सर, नसतो. मोटरसाठी पल्स (विजेचे छोटे ठोके) सोडल्या की टेबल जागेवर पोचलं, असं कंट्रोल धरून चालतो. स्क्रीनवर दिसतो तो दिलेला हुकूम. टेबल खरंच कुठं आहे ते डायलच (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) सांगतो. तेव्हा पॅरामीटरला हात लावण्याआधी डायल लावा, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : उद्यमनगरात आमचं जॉबवर्कचं शॉप आहे, पंपाच्या बिडाच्या बॉडी करतो. सकाळी शून्य केलेला एक्स अक्ष संध्याकाळपर्यंत कधी ०.२, कधी ०.४ मिमी सरकलेला असतो. मोटर बॉलस्क्रूला (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला) थेट जोडलेली आहे, पिच (एका फेरीत सरकणारं अंतर) ५ मिमी. मोटर बदलू का?

इतक्यात नको. तुमचे आकडे बघा : ०.२, ०.४. नेहमीच्या १.८ अंशाच्या स्टेपरच्या रोटरला ५० दात असतात. तो अडखळला की अर्धवट सुटत नाही, पूर्ण एक दात मागं पडतो. म्हणजे चार पूर्ण स्टेप, ७.२ अंश. ५ मिमी पिचवर हे बरोबर ०.१ मिमी होतं. चूक ०.१ च्या पटीत येत असेल तर पहिला संशय स्टेप सुटण्यावर.

स्टेप का सुटते? बहुतेक वेळा मोटर निर्दोष असते आणि भार वाढलेला असतो. बिडाची काळी भुकटी तेलात मिसळली की तिचा लेप होतो, तो जिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) आणि स्लाइडमध्ये जाऊन बसतो. मोटर कपलिंगपासून सोडवा आणि स्क्रू हातानं फिरवून बघा. एका टोकाला हलका आणि मधे जड लागला तर साफसफाई, तेलाच्या नळ्या आणि जिबची सेटिंग ही कामं आधी करा. कपलिंगवर आणि शाफ्टवर मार्करनं एक सरळ रेघही मारून ठेवा. संध्याकाळी रेघ तुटलेली दिसली, तर दोष कपलिंग शाफ्टवर आवळणाऱ्या ग्रब स्क्रूचा.

मग डायल शून्यावर लावा, रॅपिडनं (सर्वांत जास्त वेगानं) टेबल पन्नासेक वेळा पुढं-मागं पळवा आणि परत आणा. हीच चाचणी निम्म्या वेगानं करा. निम्म्या वेगात चूक गेली तर वेग आणि ॲक्सलरेशन कमी करून काम भागवा. वेग वाढतो तसा स्टेपरचा टॉर्क उतरतो, आणि जुन्या पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर सुकले असतील तर दोन अक्ष एकदम पळताना व्होल्टेज बसतं. ते तपासायला इलेक्ट्रिशियनच बोलवा. मेन स्विच पाडल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

प्रश्न : शिरोलीत आम्ही फौंड्रीसाठी लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न (साचा पाडायचे नमुने) करतो. साध्या जॉबला माप चोख येतं. पण थ्रीडी फिनिशिंगला, टूल तासन्‌तास पुढं-मागं फिरतं तेव्हा, वाय अक्ष हळूहळू एकाच बाजूला सरकत जातो. सगळं घट्ट आहे, जिब नवीन आहेत.

मशीन सोडा, सिग्नल बघा. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हला दोन गोष्टी लागतात, पल्स आणि दिशा. दिशा बदलल्यावर काही मायक्रोसेकंद थांबून पल्स यायला हवी. जुन्या ड्राइव्हमधला ऑप्टो (सिग्नल प्रकाशातून पुढं देणारा भाग) चालू आणि बंद व्हायला सारखाच वेळ घेत नाही. त्यामुळे एका बाजूला वळताना पल्स नीट मोजली जाते, दुसऱ्या बाजूला वळताना चुकीच्या दिशेनं मोजली जाते. फेरीला २००० पल्स आणि ५ मिमी पिच धरली तर एक पल्स ०.००२५ मिमीची. एका जाण्यायेण्यात एवढीच चूक झाली तरी ४०० वेळा जाऊन आल्यावर १ मिमी होते. साध्या जॉबला वळणं कमी, म्हणून तिथं ती दिसत नाही.

मॅक३ किंवा तत्सम सॉफ्टवेअर असेल तर पल्सची ॲक्टिव्ह लो-हाय ही सेटिंग फक्त त्या अक्षापुरती उलटी करून बघा. दिशेचा वेळ वाढवायची सोय असेल तर तोही वाढवा. मग लाकडाशिवाय, नुसता डायल लावून हजारभर छोट्या हालचालींचा प्रोग्रॅम चालवा. काटा शून्यावर परतला की काम झालं.

प्रश्न : गोल बोअर मिल केला की लंबगोल येतो, चार ठिकाणी पायरी लागते. ऑपरेटरनं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई सॉफ्टवेअरमधून भरून काढणं) ०.१२ टाकलं, तरी फरक नाही.

कॉम्पेन्सेशन आधी शून्य करा. टेबलाला डायल लावा आणि टेबल हातानं दोन्हीकडं ढकला. काटा हलतोय आणि स्क्रूचं टोकही मागं-पुढं होतंय, तर स्क्रूला मागं-पुढं सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगचा लॉकनट सैल आहे. स्क्रू स्थिर आणि टेबल हलतंय, तर नट झिजलाय किंवा त्याचे बोल्ट ढिले आहेत. सॉफ्टवेअर फक्त वळताना जास्तीच्या पल्स देतं. क्लाइम्ब मिलिंगला (कटरचे दात टेबलाच्याच दिशेनं कापतात तेव्हा) कटरच टेबल ओढतो, तिथं त्या पल्स काय करणार? यांत्रिक ढिलाई काढून जी उरेल, तेवढीच कॉम्पेन्सेशनमध्ये टाका.

प्रश्न : ३०० मिमीला ०.०७ जास्त येतं. स्टेप्स पर मिमी (एक मिमी सरकायला किती पल्स, ती सेटिंग) बदलू का?

५०, १०० आणि २०० ला मोजा. चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तरच बदला. आणि जॉब थंड झाल्यावर मोजा : ३०० मिमीचं ॲल्युमिनियम १० अंशांनी तापलं तर साधारण ०.०७ मिमीनंच वाढतं.

प्रश्न : कागल-हातकणंगले वसाहतीत आमचं युनिट आहे. वीज जाऊन आली की झेडचं माप बदलतं. होम (अक्ष स्विचपर्यंत नेऊन शून्य नव्यानं धरणं) न करता काम पुढं चालू करतो.

होम केल्याशिवाय पुढं जाऊच नका. वीज गेली की मोटरची पकड सुटते आणि हेडच्या वजनानं झेड खाली बसतो. तो जागेवर राहिला तरी वीज आल्यावर ड्राइव्ह आपल्या सुरुवातीच्या फेजला मोटर ओढून नेतो. त्यात दोन पूर्ण स्टेपपर्यंत, म्हणजे ५ मिमी पिचला ०.०५ मिमीपर्यंत फरक पडू शकतो. हेड स्वतःहून उतरत असेल तर काउंटरवेटची साखळी किंवा गॅस स्प्रिंग आजच तपासा. त्याखाली ऑपरेटरचा हात असतो. होम स्विचही पुसून, दहा वेळा होम करून डायलवर बघा. दर वेळी काटा वेगळ्या जागी थांबला तर स्विच बदला.