आधी वहीत नाव चढव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मी सकाळी दोनदा ऐकला. न्यू जर्सीतला घरमालक क्रेडिट स्कोअर, म्हणजे तू उधारी कशी फेडतोस याचा आकडा, मागतो, तुझ्याकडे तो नाही, म्हणून जादा डिपॉझिट. आणि तू त्याला सिबिलचा 790 दाखवत बसलास! अरे, त्याला त्याचं काय? सिबिल हा इकडचा स्कोअर, 300 ते 900, आणि फिको हा तिकडचा, 300 ते 850. उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या ट्रान्सयुनियन कंपनीचं नाव दोन्हीकडे असलं तरी इकडची वही, म्हणजे तुझ्या फेडीची नोंद, आपोआप तिकडे जात नाही. काही कार्ड कंपन्या नव्याने आलेल्यांचा भारतातला अहवाल बघतात, तेवढं विचारून घे. पण तू तिथे बुडव्या नाहीस, नुसता कोरा आहेस. कोऱ्याला कुणी उधार देत नाही. आधी वहीत नाव चढव.

नारायण पेठेत आमच्या वाण्याकडे लाल कापडी वही असायची. वडिलांचा पगार एक तारखेला, वाण्याचे पैसे दोन तारखेला. कोथरूडला राहायला आलो तेव्हा तिथला वाणी म्हणाला, "साहेब, पहिले सहा महिने रोख." वडिलांना ते फार लागलं. पुन्हा त्यांनी जन्मात उधारी केली नाही, आणि मला शिकवलं तेही हेच. 1998 साली मी तिकडे गेलो ते ही शिकवण घेऊन. तीन वर्षं सगळं डेबिट कार्डावर, जुनी टोयोटासुद्धा रोख. केवढा ताठा होता मला! मग एका दुकानाच्या साध्या कार्डाला नकार आला. पगार चांगला होता, पण पगार त्या आकड्यात धरतच नाहीत. डेबिट कार्डही धरत नाहीत. घरभाडं मालकाने कळवलं तरच, आणि बहुतेक मालक कळवत नाहीत. वडील चुकले असं मी आजही म्हणणार नाही. वही बदलली होती, ते मला कळलं नाही.

म्हणून सांगतो, वहीत नाव चढव. सिक्युअर्ड कार्ड घे. समजा 500 डॉलर ठेव ठेवलीस, तर साधारण तेवढीच मर्यादा मिळते. त्यावर फक्त फोनचं बिल लाव आणि ऑटोपेने, म्हणजे बँकेतून आपोआप, पूर्ण रक्कम भर. 'मिनिमम ड्यू', म्हणजे नुसती किमान रक्कम भरणं, हा शब्द तुझ्या घरात नको. सहा महिने झाले की फिको निघतो. वेळेवर फेडीला 35 टक्के वजन आहे, मर्यादेतलं किती वापरलंस याला 30. पाचशेतले साडेचारशे खर्चून नंतर पूर्ण फेडलेस तरी स्टेटमेंटच्या, म्हणजे महिन्याचं बिल निघण्याच्या, दिवशी तू गळ्यापर्यंत बुडालेला दिसतोस. तेव्हा त्या तारखेच्या आधीच भर. घाबरून चार ठिकाणी अर्ज टाकू नकोस. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

आता माझी गोष्ट, कारण तू कधीतरी ती दुसऱ्याकडून ऐकशीलच. नाव चढवलं, चांगलं चढवलं, आणि वडील आयसीयूत म्हणून पुण्याला धावत आलो. सात आठवडे राहिलो. तिकडे 38 डॉलरचं एक बिल तीस दिवसांहून जास्त थकलं. असा डाग सात वर्षांपर्यंत राहतो. पुढे गृहकर्जाचा दर चढा लागला, आणि बायको अजून त्यावरून ऐकवते. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ बसून कुणाला बिल आठवतं? मला नाही आठवलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण ऑटोपे लावलं असतं तर आठवायची गरजच पडली नसती, हेही खरं.

आणि एक. तुझ्या शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यांनी तिकडची वही भरणार नाही. तरी एक हप्ता चुकला तर इकडे सहकर्जदार म्हणून बाबांचं सिबिल खराब होईल. दोन्ही वह्या सांभाळायच्या आहेत तुला.

बाबांची एफडी मोडून गाडी रोख घ्यायची म्हणतोस, ती कल्पना मात्र मुळीच नको. मी टोयोटा घेताना केलं तेच करतोयस! तसं करून वहीत एक ओळही येणार नाही, आणि त्यांचे म्हातारपणाचे पैसे जातील. त्यापेक्षा घरमालकाला जादा डिपॉझिट दे, वर्षभर बसने जा.

बाबांशी मी यातलं काही बोललेलो नाही. एफडी मोडू नका हे तूच सांग. तुझ्याकडे उन्हाळ्यात रात्री आठला, हिवाळ्यात सातला फोन कर, इथे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. सहानंतर ते तळजाई टेकडीवर फिरायला गेलेले असतात आणि फोन घरी चार्जिंगला.

तुझा,
काका