नोकरीची भीती छंदावर का टाकता?

"मॅडम, आवडीतच करिअर करायला पायजे होतं, चुकलंच आपलं." कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या आयटीवाल्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

हा पुण्याच्या कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसून करणारा, वेब कंटेंट मॅनेजर. क्लायंटच्या साईटवर कुठलं पान कुठं, जुनं काय काढायचं, कुणाला काय बदलता येईल, सगळं याच्याकडे. हात बसलेला ड्रुपल ७ वर, म्हणजे वेबसाईट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या व्हर्जनवर, आणि त्याचा सपोर्ट ५ जानेवारी २०२५ ला संपला. नव्या व्हर्जनची आतली रचनाच वेगळी, सगळा मजकूर नव्यानं हलवायचा. "नवी पोरं शिकूनच येत्यात, मला कोण विचारतंय?"

आणि दुसरीकडं कुस्तीचं वेड. शाहू महाराजांनी १९१२ ला उभारलेल्या खासबाग कुस्ती मैदानात आजोबांबरोबर जायचा, तेव्हापासूनचं. त्यानं कुस्तीचं चॅनल काढलं, रोज रात्री एडिटिंग, व्ह्यूज नाहीत, बायको वैतागलेली. "ह्यातनं पैसे आलेच पायजेत मॅडम, नाहीतर माझ्याकडं आहेच काय?"

मी विचारलं, "मोबाईल न काढता तालमीत शेवटचं कधी गेलेलात?"

जरा थांबला. मग म्हणाला, गंगावेश तालमीत एकदा, चार्जिंग संपलेलं, आणि पोरं कुस्तीच्या हौदातली माती तयार करत होती. तिथून जो सुटला! लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कसं घालतात, माती सुकी राहिली तर अंग कसं सोलतं, हातात घेऊनच वस्तादांना कसं कळतं... पहिल्यांदाच तो खांदे सैल सोडून बोलत होता. अशा वेळी मध्ये बोलायचं नसतं हे मला अनुभवानं पक्कं माहितेय, मी नुसती ऐकत राहिले.

"ह्यातलं चॅनलवर किती आलं?"

"काहीच नाही."

"का?"

"टाकावंसंच वाटलं नाही. ते माझं होतं." आणि डोळे भरून आले त्याचे.

मला तिथं लख्ख दिसलं, भीती नोकरीची होती आणि ती निवारायचं काम त्यानं कुस्तीवर टाकलेलं. एका पैलवानाची जोड दुसऱ्याच्या गळ्यात मारावी तसं! ड्रुपल शिकायच्या रात्री चॅनलला गेल्या, आणि ज्यानं जीव हलका व्हायचा तिथंही हा मथळा न् थंबनेल बघत बसायला लागला, म्हणजे दिवसभराचंच काम पुन्हा. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मानणारी, आपल्याला पिळतो तो 'झालंच पाहिजे' हा हट्ट. आवडीतून पैसे आले तर छानच, पण न आले म्हणून तुम्ही शून्य होत नाही, हे मी त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

तुमचंही असं असेल तर आधी बघा भीती नेमकी कशाची आहे. कौशल्य जुनं झाल्याची असेल तर आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी ते शिकायला द्या, राजीनामा नंतर. आणि आवडीतला थोडा तरी भाग असा ठेवा की ज्याचा हिशोब कुणी मागणार नाही, तुम्ही स्वतःसुद्धा नाही. चॅनल बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही.

यालाही नाही सांगितलं. शेवटच्या भेटीत विचारत होता, "वस्तादांचा व्हिडिओ टाकू का?" म्हटलं टाका की, फक्त व्ह्यूज रविवारीच बघायचे. "बुधवारी पण बघू द्या की मॅडम." बरं म्हटलं, बुधवारी पण.