गिरगावात १९४० पूर्वीचं घर घेताय?
घर कितीही आवडलं तरी टोकन देण्याआधी विचारा: ओनरशिप की पागडी? पागडी असेल तर तुम्ही घर नव्हे, भाडेहक्क घेताय. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ मुळे पागडीची (म्हणजे भाडेहक्कापोटीच्या रकमेची) देवघेव वैध आहे, पण घरमालकाच्या संमतीशिवाय व्यवहार करू नका. त्याचा हिस्सा (बहुधा किमतीचा एक तृतीयांश) कोण देणार ते लेखी ठरवा, भाडेकरार नोंदवा आणि भाडेपावती तुमच्या नावावर होईपर्यंत शेवटची रक्कम सोडू नका. बँका अशा घरांना सहसा कर्ज देत नाहीत.

मग इमारत. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. 'सी-१' (म्हणजे अतिधोकादायक) शेरा असेल तर ती रिकामी करावी लागते. सागवानी तुळया मधे ठणठणीत दिसतात. कुजतात त्या मोरी-संडासाजवळ, भिंतीत शिरलेल्या टोकाशी, कारण गळतीचं पाणी तिथे सुकतच नाही. म्हणून खालच्या बिऱ्हाडात जाऊन छत बघाच, आणि तिथे नुकताच रंग दिलेला असेल तर तुळईच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड संपलंय. पोटमाळ्याची जागा मात्र कागदावर नसेल तर किमतीत धरू नका.