अणुकचऱ्याच्या पात्रांना साधे पोलाद का, आणि झाकणाच्या वेल्डचे काय?

आपण बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, धातुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रकल्पासाठी दोन गोष्टी विचारल्या आहेत. उच्च किरणोत्सारी कचरा हजारो वर्षांसाठी पुरायचा असताना जपान, स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या आराखड्यांत स्टेनलेस सोडून साधे कार्बन पोलाद का घेतले, ही एक; आणि ते पोलाद वेल्डपाशी आधी गंजणार नाही का, ही दुसरी. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या शॉपमध्ये प्रेशर व्हेसलच्या (दाबाखालच्या टाक्यांच्या) वेल्डची तपासणी करण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा विस्ताराने लिहितो.

स्टेनलेस गंजत नाही ही समजूत अर्धीच खरी आहे. क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर शाबूत असेतोवर ते टिकते. क्लोराइडने तो थर एखाद्या ठिकाणी फोडला की तिथेच खड्डा खोल जातो, आणि जवळ वेल्डचा ताण शिल्लक असेल तर तडाही जातो. हे कुठे आणि केव्हा घडेल याचा हजार वर्षांचा हिशेब मांडता येत नाही. कार्बन पोलाद मात्र बहुतांशी सगळीकडून सारखे झिजते. बोगदा बुजवल्यावर आतला ऑक्सिजन या कालमानात लगेचच संपतो, त्यानंतर लोखंड पाण्याशीच अभिक्रिया करून मॅग्नेटाइट व हायड्रोजन तयार करते, आणि हा वेग वर्षाला काही मायक्रोमीटर एवढाच असतो. तो २ धरला तर हजार वर्षांत २ मिलिमीटर झीज होईल. जपानी आराखड्यात भिंत १९० मिलिमीटरची आणि अपेक्षित आयुष्य किमान १००० वर्षांचे आहे. एवढी जाडी बाहेरचा दाब पेलण्यासाठी आणि गॅमा किरण भिंतीतच अडवून बाहेरच्या पाण्याचे विघटन टाळण्यासाठीही लागते. स्टेनलेस तिथेही असतेच, पण आतल्या पात्राला, ज्यात कचरा मिसळलेली वितळलेली काच ओततात. आपल्याकडे तारापूरलाही काच स्टेनलेसच्या पात्रातच भरतात, परंतु ती हवेने थंड ठेवलेल्या साठवणगृहात काही दशके ठेवण्यासाठी. पुरण्याचा प्रश्न वेगळा.

आता वेल्ड. पात्राच्या तळाचे वगैरे वेल्ड रिकाम्या अवस्थेत, नेहमीच्या शॉपमध्ये होतात. ते भट्टीत घालून स्ट्रेस रिलीव्ह करता येतात, म्हणजे तापवून त्यांतला शिल्लक ताण उतरवता येतो, हव्या त्या बाजूने तपासता येतात. खरी अडचण शेवटच्या झाकणाची आहे. आत कचरा भरलेला, माणूस जाड भिंतीपलीकडे, आणि वेल्ड यंत्राने. कार्बन पोलादाचा ताण उतरवायला साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात, तर बोरोसिलिकेट काच ५०० अंशांच्या आसपासच नरम पडू लागते. म्हणजे अख्खे पात्र भट्टीत घालणे बाद. उरतो तो झाकणाच्या पट्ट्यापुरता मर्यादित तापवण्याचा मार्ग, किंवा मुळातच कमी उष्णता ओतणारी वेल्डिंगची पद्धत. इलेक्ट्रॉन बीमने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या झोताने धातू वितळवून, जाड जोड अरुंद पट्ट्यात, एकाच फेरीत होतो. स्वीडनने आपल्या ५ सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या पात्रांसाठी तीही तपासली आणि शेवटी १९९१ साली ब्रिटनमध्ये शोधलेली फ्रिक्शन स्टर पद्धत निवडली, जिच्यात फिरणारे टूल घर्षणाने धातू मऊ करून ढवळते, तो वितळतच नाही. जाड पोलादासाठी तीच पद्धत घेता आली असती तर बरे झाले असते, पण पोलादात ते टूल फार लवकर झिजते.

ताण न उतरवलेल्या जोडाच्या कडेला पोलाद कडक झालेले असते, आणि वर सांगितलेला हायड्रोजन नेमका तिथेच शिरून तडे पाडतो. बडोद्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीसारख्या ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडच्या सेवेत जाणाऱ्या व्हेसलच्या वेल्डवर कडकपणाची २४८ विकर्स ही कमाल मर्यादा ज्या कारणासाठी घालतात, ते कारण हेच. भूगर्भात सल्फाइड त्या मानाने फार कमी, म्हणून धोकाही कमी. तरी कमी कार्बनचे, फारसे बळकट नसलेले पोलाद घेऊन जाडी वाढवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, कारण इथे वजन वाचवायचे नाही.

गंजाच्या बाबतीत मला वेल्ड धातूच्या रसायनाची अधिक काळजी वाटते. फिलर, म्हणजे जोडात भरलेला धातू, मूळ प्लेटपेक्षा किंचित सक्रिय निघाला तर लहानसा वेल्ड ॲनोड (झिजणारी बाजू) आणि प्रचंड प्लेट कॅथोड (वाचणारी बाजू) बनते, आणि झीज सगळी वेल्डच्या माथी येते. आराखड्यातला ‘सारखी झीज’ हा आधारच मग वेल्डपुरता निसटतो. आपल्या प्रकल्पाला विषय हवा असेल तर हाच घ्या. प्लेट, वेल्डच्या उष्णतेने बदललेला कडेचा पट्टा आणि वेल्ड असे तिन्ही एका नमुन्यात येतील असा आडवा तुकडा कापा, सगळीकडे सारखाच घासा, आणि शेजारी तिघांचे वेगळे तुकडे तारेने जोडून त्यांच्यातला प्रवाह मोजा. ऑक्सिजन राहू नये म्हणून द्रावणातून नायट्रोजन सतत सोडत राहा आणि भांडे घट्ट बंद ठेवा. उघड्या बीकरमध्ये मोजलेला वेग बडोद्याच्या पावसाळ्याचा असेल, पाचशे मीटर खोल मातीखडकाचा नव्हे. काही आठवड्यांत मिळणारे आकडे मोठे दिसतील, कारण मॅग्नेटाइटचा थर जमेपर्यंत वेग जास्तच असतो. ते तसेच हजार वर्षांना गुणू नका.