फुकेतला चार वाजले, पण कोणत्या घड्याळात?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त, राहायला नाशिकला. मुंबईच्या एका टूर कंपनीतर्फे सिंगापूर–फुकेत–सिंगापूर क्रूझला गेलो. दोघांचे 2 लाख 60 हजार भरले, फुकेतची बस टूर त्यातच होती. वाट चलाँगचं मंदिर पाहून आम्ही टूर मॅनेजरला विचारून जुन्या फुकेत टाउनमध्ये खरेदीला थांबलो. त्याचा मेसेज आला, 'ओके, चारपर्यंत पातोंगला या, शेवटची बोट.' आम्ही 3.20 लाच किनाऱ्यावर हजर, तर जहाजावर नेणारी बोट गेलेली! जहाज म्हणे सिंगापूरच्या वेळेवर चालतं. हॉटेल, विमान, टॅक्सी धरून 58 हजार पदरचे गेले. कंपनी म्हणते, फुकेतची टूर तिथल्या ऑपरेटरची, आम्ही फक्त एजंट. आणि केस करायची तर मुंबईतच करा.

उत्तर: थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे असतं. किनाऱ्यावर उतरलात तसा तुमचा मोबाइल आपणहून थाई वेळेवर गेला आणि जहाज मात्र आपल्याच वेळेवर राहिलं. तुमचे 3.20 म्हणजे जहाजावरचे 4.20. मॅनेजरने 'चार' लिहिलं, कोणते चार ते लिहिलं नाही. ही गफलत दर फेरीला होऊ शकते हे ज्याला माहीत असायला हवं, त्यानेच ती सांगितली नाही. सेवेतली त्रुटी म्हणतात ती हीच.

तरीही तुमची दुखरी बाजू आधी सांगतो, कारण समोरचा वकील तिथेच बोट ठेवणार. रोजच्या कार्यक्रमाचा कागद केबिनमध्ये येतो, त्यावर बहुधा 'जहाजाची वेळ' असं छापलेलं असतं. शिवाय ग्रुप सोडलात तुम्ही. म्हणून तो 'ओके'वाला मेसेज लाखमोलाचा. तो नसता तर मी तुम्हाला घरीच बसा म्हटलं असतं.

त्या मेसेजची एक गंमत बघा. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो थाई वेळेने दुपारी 1.10 ला आला. आता भारतात फोन उघडला की तोच 11.40 चा दिसेल, कारण व्हॉट्सॲप फोनच्या चालू वेळेप्रमाणे आकडा दाखवतं. तक्रारीत हे आपणहून लिहा, नाहीतर 'मेसेज बनावट' अशी बोंब होईल. चॅट पुसू नका, इतक्यात फोन बदलू नका, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

'आम्ही एजंट' हे पालुपद जुनंच. पावती कोणाच्या नावाची, जीएसटी कोणी घेतला ते पाहा. फुकेतच्या ऑपरेटरचं नाव तुम्हाला आधी कळवलंच नसेल, तर करार कायद्याचं कलम 230 तुमच्या बाजूने आहे: मालकाचं, म्हणजे ज्याच्या वतीने काम करतो त्याचं, नाव न सांगणारा एजंट स्वतःच बांधील, असं गृहीत धरलं जातं. मूळ मालक तिऱ्हाईत देशातला म्हणून तुम्ही त्याच्यामागे धावत बसायचं कारण नाही.

मुंबईची अट मनावर घेऊ नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागायची सोय दिली आहे, तेव्हा नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग गाठा. मोबदला, म्हणजे तुम्ही टूरसाठी भरलेली रक्कम, 5 लाखांच्या आत असल्याने तक्रारीची फी शून्य. मुदत 2 वर्षं. वकील लागतोच असं नाही.

जहाज कंपनीला प्रतिवादी करायचा मोह टाळा. ते आपल्या वेळेला सुटलं, त्यात चूक नाही. परदेशी नोटीस बजावण्यातच वर्ष जाईल. प्रवास विमाही एकदा वाचा, पण त्यात फार जीव गुंतवू नका.

पहिली पायरी म्हणजे कंपनीला स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस. सगळे 2 लाख 60 हजार परत मागू नका, फुकेतपर्यंतचा प्रवास तर तुम्ही उपभोगलात. प्रत्यक्ष खर्च, मनस्तापाची बेताची रक्कम आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागा. आणि त्या 58 हजारांत जुन्या फुकेतमधली खरेदी धरली असेल, तर ती आधी वजा करा.