त्या पोराला हवंय काय?

बाय गो,

तुझी गोष्ट वाचली, दोनदा वाचली. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, दोर ओढताना पायाखालची वाळू कशी सरकते, बांगड्याचे वाटे कसे पडतात, यांत्रिक होड्यांतून मोठी जाळी टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांवरून कशी भांडणं पेटतात, सगळं बरोबर आहे. पण पहिल्या खर्ड्यात तो पोरगा वाटा घेऊन सरळ घरी जात नव्हता, ओली लुंगी पिळून, केसांतनं हात फिरवून, पाणंदीने उगाच वळसा घालून एका पडवीसमोरून जायचा. तो परिच्छेद गेला कुठे? तर म्हणे कुणीतरी सांगितलं फिल्मी वाटतं, वास्तववादात बसत नाही. आणि तू उडवलास! आता जे उरलंय ते मत्स्यखात्याला द्यायचं निवेदन आहे.

मी एकच विचारणार, कंटाळलीस तरी विचारणार. त्याला हवंय काय?

वास्तव की स्वप्न, हे भांडण काय आजचं नाही. १८५७ ला बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, विधवांचे हाल सांगणारं, आणि चारच वर्षांनी हळबेंची अद्भुतरम्य 'मुक्तामाला'. पुढे बरीच वर्षं मुक्तामालेच्या वाटेवरच्याच कादंबऱ्या निघत राहिल्या. वाचक काय खुळे होते? मला नाही वाटत.

आपल्याकडचंच बघ ना. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला मास्तर होते. मिठागरांचं गाव, १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते, गरिबी रोज डोळ्यांसमोर, आणि तिथे बसून त्यांनी ध्येयवेडी माणसं लिहिली. बाजूच्याच आरवलीच्या जयवंत दळवींनी 'चक्र' कादंबरीत मुंबईची झोपडपट्टी लिहिली. लोक लगेच एकाला स्वप्नाळू आणि दुसऱ्याला रोखठोक म्हणून मोकळे होतात. अगं पण झोपडीतल्या माणसालाही काहीतरी हवंच असतं, म्हणून तर आपण पान उलटतो, नुसती घाण बघायला कोण कशाला थांबेल.

आणि श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू'? गारंबी गाव, तिथली खोती, माणसांच्या बोलण्यातला खवचटपणा, सगळं दापोलीकडचं अस्सल, त्यात खोट काढून दाखव. पण गावाला न जुमानता राधेचा हात धरणारा बापू मात्र पक्का रोमँटिक. १९५२ ची कादंबरी, अजून वाचतात. गाव खरं आहे म्हणून बापूवर विश्वास बसतो, आणि बापूला राधा हवी आहे म्हणून गाव लक्षात राहतं.

मलाही एका संपादकाने असंच ऐकवलं होतं, नायिका फार स्वप्नं बघते, कापा. नाही कापली. पुस्तक आलं नाही ते नाहीच, बरोबरीचे लोक समीक्षकांना आवडेल तसं कोरडं लिहून पुढे गेले, पुरस्कार घेऊन आले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, पण आज विचारलं तरी कापणार नाही. हट्ट म्हण हवं तर. तिला काय हवंय ते मला माहीत होतं, त्यांना आपल्या नायकांचं माहीत होतं का विचार.

तर तो परिच्छेद परत घाल. पडवीत कोण असतं ते वाचकाला सांगू नकोस, मलाही नको, पण तुला माहीत पाहिजे. आणि बर्फाच्या लादीचा भाव जुना लिहिलायस, जेटीवर जाऊन विचारून ये. प्रेमात पडलेल्या पोराच्या गोष्टीत चुकलेला भाव मी चालवून घेणार नाही.