पडायचंच आहे, मग तयारी कसली?

पॅडलबोर्डिंगच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या लांब फळीवर उभं राहून वल्हं मारण्याच्या, पहिल्या क्लासला जायचं ठरलं की बरेच जण एकच विचारतात: पडू नये म्हणून काय करू? माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. पडण्याचीच तयारी करा, असं मी सांगते. का, ते माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंच्या अनुभवावरून लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या या बाईंना लेकीने वाढदिवसाची भेट म्हणून क्लास बुक करून दिला होता. त्या रोज व्हिडिओ बघत होत्या आणि रोज जास्तच घाबरत होत्या.

"मॅडम, मी पडले तर?"
"पडलात तर काय होईल?"
"भिजेन. सगळे हसतील."
"आणि मग?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "वर चढता आलं नाही, तर मला चार जणांनी ओढून घ्यावं लागेल. माझं वजन बघताय ना?"

म्हणजे भीती पाण्याची नव्हतीच, पोहायला तर त्यांना छान येत होतं. अशा वेळी "काही होत नाही हो" म्हणून धीर देण्यात अर्थ नसतो, कारण नवशिका माणूस पडतोच. उलट न पडण्याचा आटापिटा केला की घोटे-गुडघे ताठ होतात, नजर पायांवर खिळते. बोर्डचं डुलणं सैल गुडघ्यांनी जिरवायचं असतं. ताठ पायांतून ते थेट कमरेपर्यंत चढतं आणि माणूस पाण्यात जातो.

मी त्यांना एकच गृहपाठ दिला: प्रशिक्षकाला फोन. बोर्ड किती वजन पेलतो, माझ्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, आणि उभं राहण्याआधी मुद्दाम पडून वर चढायचा सराव करून घ्याल का, एवढं विचारायचं. हा फोन त्यांनी बरेच दिवस टाळला. पाण्यात उडी परवडली, पण परक्या माणसाला स्वतःचं वजन सांगणं नको! अखेर केला, तर कळलं की वजन सगळ्यांनाच विचारतात. बोर्ड त्यावरूनच निवडतात. नवशिक्यांना साधारण ३० ते ३४ इंच रुंदीचा बोर्ड देतात आणि १०० किलोंहून जास्त भार पेलणारे बोर्ड सर्रास असतात.

वर चढणं हाही ताकदीपेक्षा युक्तीचा भाग आहे. बोर्डच्या मध्यावर यायचं, तिथली मूठ धरायची आणि आधी पाय मागे पाण्यावर तरंगू द्यायचे. मग पाय मारत पोटावर सरपटत वर. पाय बोर्डखाली लोंबकळले तर तगड्या माणसाचीही दमछाक होते. पडतानाही बोर्डपासून लांब, पसरट पडायचं. डोक्यावर कधीच नाही, कारण तळ उथळ असू शकतो. पाणी गार असेल तर पहिलं मिनिटभर धाप लागते. तेव्हा चढायची घाई करू नये, जॅकेटच्या भरवशावर तरंगत श्वास लांबवावा. लीशमुळे, म्हणजे पाय बोर्डला जोडणाऱ्या दोरीमुळे, शांत पाण्यात बोर्ड जवळच राहतो.

घरी त्यांनी चटईवर गुडघ्यांवरून उठायचा सराव केला: हात टेकवून एक पाऊल, मग दुसरं, नजर समोर. बाकी किरकोळ: चष्म्याला दोरी, सनस्क्रीन, भिजून जड होणारे सुती कपडे नकोत, पोट तुडुंब नको.

काही गोष्टींना मात्र मी भीती म्हणत नाही, ती माहिती असते. पोहता येत नाही, चक्कर येते, फिट येते, हे प्रशिक्षकाला आधीच सांगायला हवं. चक्कर किंवा फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. वारा किनाऱ्यावरून पाण्याच्या दिशेने वाहत असेल तर नवशिक्याने क्लास पुढे ढकलायला लाजू नये.

बाई गेल्या. मुद्दाम पडल्या, पहिल्या खेपेला चढता आलं नाही, पुढच्याला जमलं. बराचसा वेळ त्यांनी गुडघ्यांवर बसूनच पॅडल मारलं, शेवटी थोडा वेळ उभ्या राहिल्या. पुढच्या भेटीत पॅडलबोर्डचा विषय लवकरच संपला. वजनाच्या लाजेपायी आजवर कुठे कुठे जायचं टाळलं, याची यादी त्या स्वतःच घेऊन आल्या होत्या. तिच्यावर आमचं काम सुरू आहे.